हिमबिबट्याच्या गावात

हाती चार पैसे आले आणि सुटी मिळाली, की आपल्या माणसांचा प्रवास ठरलेला असतो. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, जमले तर बोधगया आणि सारनाथ. आम्ही उभयता ती ठिकाणे पाहून आलो आहोत. यंदा मात्र फेब्रुवारीत, ऐन बर्फात, आम्ही लडाखला जाऊन आलो. आमच्यापैकी एकाने एसटीच्या कार्यशाळेत हयात घालवली, दुसरीने अंगणवाडीत. निवृत्तीनंतर एकदा तरी बर्फ पायाखाली तुडवायचा आणि जमल्यास हिमबिबट्या पाहायचा, एवढीच हौस. नातेवाइकांनी वेड्यात काढले. "अमरावतीच्या माणसांना मेळघाटातला वाघ पुरत नाही काय?" असे विचारणाऱ्यांत आमच्या सूनबाईही होत्या.

दिल्लीपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. लेह शहरच सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर विमान माणसाला तास-सव्वा तासात नेऊन सोडते. हवा विरळ. जिना चढला तरी धाप लागते. म्हणून पहिले दोन दिवस काही करायचे नसते. पडून राहायचे, पाणी प्यायचे, सावकाश चालायचे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत करू नये. डोके फार दुखून उलट्या होऊ लागल्या तर फुशारकी न मारता वर चढणे थांबवावे आणि दवाखाना गाठावा. जाड कोट आणि बूट लेहमध्ये भाड्याने मिळतात, ते विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये.

आम्हाला जायचे होते रुम्बकला. हे मोजक्या घरांचे गाव हेमिस राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यान १९८१ साली झाले, पण गावे त्याच्या कितीतरी आधीची. सिंधू नदी ओलांडून जीप जिंगचेनच्या दरीत शिरली आणि पुढे आम्ही पायी निघालो. दोन्ही बाजूंना तांबड्या-करड्या खडकांचे कडे, मध्ये गोठलेला ओढा. ओढ्याचा बर्फ काचेसारखा, आणि त्याखालून पाण्याचा आवाज येत होता. आमचा वाटाड्या तरुण मुलगा होता. तो पुढे जाऊन काठी आपटून पाही आणि मगच आम्हाला बोलावी. दर पन्नास पावलांवर आम्ही थांबत होतो. त्याने एकदाही कपाळाला आठी घातली नाही.

थंडीत हिमबिबट्या दिसण्याची शक्यता जास्त, याचे कारण साधे आहे. वरचे डोंगर बर्फाने झाकले की भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, चाऱ्यासाठी खाली येतात आणि त्यांच्या मागे तोही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ. त्या दिवसांत तो कड्यांच्या पायथ्याशी खडकांवर मूत्राचा फवारा मारून आणि मातीत पायाने खरवडून खुणा ठेवतो. वाटाड्याने आम्हाला अशी एक खूण दाखवली आणि वास घ्यायला सांगितला. आम्ही घेतला. पुन्हा घेणार नाही. पहिल्या दोन दिवसांत भरलांचे कळप, चकोर, एक लाल कोल्हा आणि डोक्यावरून संथ तरंगत गेलेले दाढीवाले गिधाड, एवढे पाहून झाले. बिबट्याचे नुसते ठसे.

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. घरच्या मालकिणीला सगळे 'आमा-ले' म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' म्हणजे आपला 'जी'. भेटल्यावर आणि निघताना 'जुले' म्हणायचे. स्वयंपाकघरात मधोमध लोखंडी शेगडी, तिच्यात शेणाच्या गवऱ्या जळत होत्या. त्या धुराच्या वासाने आम्हाला थेट गावाकडे नेले. मिठाचा लोणी घातलेला चहा पहिल्या घोटाला रुचला नाही, तिसऱ्या दिवशी आम्ही मागून पिऊ लागलो. वरच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे पाण्याच्या सात वाट्या मांडलेल्या. तेथील बौद्धांची वंदना आपल्यापेक्षा निराळी, तरी आम्ही तेथे बसून त्रिशरण म्हटले तेव्हा आमा-लेही हात जोडून शेजारी बसल्या.

संडास पाण्याशिवायचा. खाली माती-राख टाकायची, आणि वर्षभराने त्याचे खत शेतात जाते. ते उपसायचे काम कोण करते, हे आम्ही मुद्दाम विचारले. "घरचेच लोक, दुसरे कोण?" असे आमा-लेंनी उलट विचारले. प्रश्नच त्यांना कळला नाही.

गोठा त्यांनीच दाखवला. दगडी भिंती, वर लाकडी वासे आणि त्यांवर घट्ट ताणलेली लोखंडी जाळी. पूर्वी वर छप्परच नसे. हिमबिबट्या रात्री भिंतीवरून आत उडी मारी. कोंडलेल्या मेंढ्या सैरावैरा पळू लागल्या की तो एकीवर थांबत नसे. सकाळी दहा-पंधरा मेंढ्या-बकऱ्या मेलेल्या. आमा-लेंच्या माहेरी असे घडले होते. "वर्षाची लोकर, दूध, सगळे एका रात्रीत गेले," त्या हिंदीत म्हणाल्या, "मग लोक दगड घेऊन त्याला आतच मारत." पंचशील आम्हीही रोज म्हणतो. प्राण्याची हत्या करणार नाही, हे शहरात पंख्याखाली बसून म्हणणे सोपे. आपल्या मेलेल्या बकऱ्यांपुढे उभे राहून ते पाळायला सांगणारे आम्ही कोण? मेळघाटातल्या गावांचेही हेच. वाघ देशाचा, नुकसान त्या घराचे.

येथे मार्ग निघाला तो उपदेशाने नव्हे. २००० नंतरच्या वर्षांत स्नो लेपर्ड कन्झर्वन्सी या संस्थेने गावकऱ्यांबरोबर गोठ्यांवर जाळ्या बसवल्या आणि पाहुण्यांना घरात ठेवण्याची पद्धत सुरू केली. लडाखमध्ये हे काम उभे करणारे रिंचेन वांगचुक त्याच भूमीचे पुत्र. २०११ साली ते वारले. पाहुण्यांची सारी व्यवस्था घरच्या बायका पाहतात. ज्या जनावराने माहेरची बकरी खाल्ली, त्याच जनावराला पाहायला आलेल्या माणसांच्या पैशावर आमा-लेंची मुलगी लेहला शिकते आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे निघाले. त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये.

चौथ्या दिवशी, ऊन उतरताना, समोरच्या उतारावरचे भरल एकदम चरायचे थांबले. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. वाटाड्याने तिपाईवरची मोठी दुर्बीण वळवली, बराच वेळ शोधले आणि आम्हाला पुढे ओढले. आधी नुसते दगड दिसले. मग एक दगड हलला. राखाडी अंग, त्यावर काळसर फुले, आणि शेपूट! शरीराएवढीच लांब वाटणारी, जाडजूड. थंडीत झोपताना तो ती तोंडाभोवती गुंडाळून घेतो. कड्यावरून उतरताना तीच त्याचा तोल सांभाळते. हा प्राणी डरकाळी फोडत नाही, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. तो दोन-चार ढांगा चालला, बसला, जांभई दिली. आम्ही आळीपाळीने पाहत होतो आणि दोघांचेही डोळे वाहत होते. थंडीने म्हणा हवे तर.

आवाज ऐकून आमा-ले बाहेर आल्या. आम्ही अदबीने बाजूला झालो. त्यांनी दुर्बिणीतून क्षणभरच पाहिले. तो कोणत्या बाजूला तोंड करून बसला आहे, एवढे त्यांना हवे होते. "मोटा हो गया है," म्हणाल्या, आणि गोठ्याचे दार लावायला लगबगीने निघून गेल्या. थोड्या वेळाने अंधार झाला, खडक कोणता आणि तो कोणता हे कळेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी निघताना आम्ही पैसे दिले. आमा-लेंनी ते मोजून वहीत लिहून ठेवले, आणि आमच्या हाती वाळवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी ठेवली. पुन्हा आलो तर तुमच्याकडेच उतरू, असे आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली. गावात पाळी असते. पुढचा पाहुणा शेजारच्या घरी जाणार होता.