मुख्यालय पुण्यातच का?

गेल्या तीन महिन्यांत आमच्या गटात एवढा वाद कशावरच झाला नसेल. वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी रोबोटिक्सची स्पर्धा सुरू करायची, यावर सगळ्यांचे एकमत. वयोगट, नियम हेही दोन बैठकांत ठरले. पण मुख्यालय कुठे, या प्रश्नावर गाडी अडली. बहुतेकांचे उत्तर तयारच होते : पुणे. आम्ही काही जण म्हणालो, परभणी. आधी हशा झाला, मग भांडण.

पुण्याच्या बाजूने जे मांडले गेले ते खोटे नाही. आंतरराष्ट्रीय रोबोकॉन २००८ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये पुण्यातच झाली. तापकीर गल्लीत शिरले की मोटर, सेन्सर, बॅटरी, सगळे एका फेरीत मिळते. परीक्षक म्हणून बोलवायचे अभियंते तिथेच नोकरीला आहेत. एकाने विमानतळाचाही मुद्दा काढला. त्याला आम्ही एवढेच विचारले, आपल्यातले कोणते पोरगे विमानाने येणार आहे?

आमचा विरोध अनुभवातून आला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मराठवाड्यातून पाच मुलांचा एक संघ एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेला नेला होता. संघात दोन मुली होत्या. यंत्राचा सगळा प्रोग्राम त्यांतल्या एकीने लिहिलेला. सकाळी आठला नोंदणी, म्हणजे रात्रीच्या गाडीशिवाय इलाज नाही. दोघींच्या घरच्यांनी शेवटच्या दिवशी नकार दिला, आणि आम्ही त्यांना दोषही देऊ शकलो नाही. उरलेले तिघे रात्रभर जनरल डब्यात यंत्राचा खोका मांडीवर घेऊन बसले. पोचल्यावर कळले की, स्पर्धेचे मैदान आयोजकांच्या कार्यालयात महिनाभर सरावासाठी खुले होते. शहरातल्या संघांनी तिथे रोज संध्याकाळी सराव केला होता. आमच्या मुलांनी ते मैदान पहिल्यांदा पाहिले ते स्पर्धा सुरू झाल्यावर. पहिल्याच फेरीत मोटर ड्रायव्हर जळला आणि प्रोग्राम कुठे बदलायचा हे ज्या मुलीला माहीत होते, ती फोनवर होती.

कुणी आमच्याशी वाईट वागले नाही, उलट चहा दिला. नियमही सर्वांना सारखेच होते.

तेव्हापासून आम्ही म्हणतो, मुख्यालय म्हणजे पाटी आणि पत्ता नव्हे. सरावाचे मैदान जिथे, कार्यशाळा जिथे, शंका आली तर नियम लिहिणाऱ्या माणसाला जिथे गाठता येते, ते मुख्यालय. त्याच्या जवळ राहणारा स्पर्धेआधीच अर्धी स्पर्धा जिंकलेला असतो.

यंत्र जात पाळत नाही, असे आमचाच एक मित्र म्हणाला. त्याने मुंबईच्या गिरण्या आठवाव्यात. विणाई खात्यात पगार बरा होता, पण आपल्या लोकांना तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र तेच, गिरणी तीच, प्रश्न होता यंत्रापाशी उभे कोण राहणार याचा.

आणि बाबासाहेबांनी जागा कशा निवडल्या तेही पाहा. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे कार्यालय फोर्टात नव्हे, परळला दामोदर हॉलमध्ये, कामगारांच्या वस्तीत. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिल्यावर पुढचे कॉलेज १९५० मध्ये औरंगाबादेत काढले, निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात. तिथे प्राध्यापक मिळणार नाहीत, हे तेव्हाही कुणी म्हणाले असेलच.

आता परदेशाचा दाखला दिल्याशिवाय आपल्या अभियंत्यांना पटत नाही, म्हणून तोही देतो. शालेय रोबोटिक्समधली जगभर गाजलेली ‘फर्स्ट’ ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केली. तिचे मुख्यालय न्यूयॉर्कला नाही, बोस्टनलाही नाही. ते न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावात आहे. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे परभणीच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्या अ‍ॅमोस्केग कंपनीच्या कापड गिरण्या १९३०च्या दशकात बंद पडल्या. त्याच जुन्या गिरण्यांच्या आवारातून हा कारभार चालतो. १९९२ची पहिली स्पर्धा तिथल्याच एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली, २८ संघांची. (आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर तिथे काय उभे राहिले, ते लोअर परळला जाऊन बघावे.)

अर्थात मँचेस्टर आणि परभणी एक नव्हे, हेही कबूल करू. केमन यांची स्वतःची कंपनी त्याच गिरण्यांत होती. पैसा, कारागीर, हत्यारे सगळे हाताशी. आपल्याकडे काय आहे? आयटीआय आहे. लेथ आहे, वेल्डिंग आहे, फिटर शिकवणारे निदेशक आहेत, आणि तिथे शिकणारी बरीच पोरे आपलीच आहेत. पुण्याच्या चकचकीत प्रयोगशाळेत आपल्या मुलाला लेथला हात लावायला परवानगी लागेल. आयटीआयमध्ये त्याचा चुलतभाऊच लेथ चालवत असतो. शिवाय पूर्णा जंक्शन तासाभराच्या आत. नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, सगळीकडची मुले रेल्वेने येऊ शकतात, आणि नांदेड, हिंगोलीची तर दिवसाउजेडी येऊन दिवसाउजेडी घरी परतू शकतात. ज्या मुलींना रात्रीची गाडी बंद आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोठा आहे.

सुट्या भागांची अडचण खरी आहे. त्यावर तोडगा असा काढला की, पुण्यातल्या साथींनी दर महिन्याला एक खोका भरून पाठवायचा : मोटर ड्रायव्हर, वायरी, बॅटऱ्या, चार्जर. परीक्षकांनी रात्रीची गाडी धरायची. ती त्यांनी एकदा धरून बघावीच.

मुंबईच्या दोन साथींना हे अजून पटलेले नाही. देणगीदार परभणीचे नाव ऐकून मागे हटतील, असे त्यांचे म्हणणे. एक जण हटलाही. पुढच्या रविवारी बैठक आहे, तिथे मत पडेल ते पडेल. दरम्यान सरावाच्या मैदानासाठी प्लायवूडचे चार पत्रे घेतले आहेत, आणि ते परभणीत एका विहाराच्या मागच्या खोलीत ठेवले आहेत. ती मुलगी आता बारावीला आहे. मैदानाच्या रेघा तीच आखणार आहे.

जय भीम!