इंडाफ

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या माणसाला विद्यापीठ म्हटलं की संगणक आठवावा. मला नाचणी आठवते. याला कारण आमच्या घरमालकांची आई. दोड्डतोगूरच्या या अज्जी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि तळमजल्यावर राहतात. आमची चार मजली इमारत उभी आहे ती त्यांच्याच शेतात. माझं कन्नड कामापुरतं, त्यांना मराठीचा गंध नाही. पण ही बाई कोकणातली आहे आणि तिच्याकडेही रागी पिकते, तिला ते नाचणी म्हणतात, एवढं कळल्यावर आमचं सूत जमलं. एकदा मी विचारलं, तुमच्या शेतात कुठली रागी असायची? लाल, काळी, असं काहीतरी त्या सांगतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इंडाफ."

हा शब्द कन्नड नव्हे. इंडिया आणि आफ्रिका यांची ती जोडणी आहे, आणि ती केली मंड्याच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या सी. एच. लक्ष्मणय्या यांनी. इकडे त्यांना 'रागी लक्ष्मणय्या' म्हणूनच ओळखतात. नाचणीचं फूल इतकं बारीक की चिमट्यानं पुंकेसर काढून संकर करणं महाकठीण, शिवाय ती स्वपरागी. म्हणून दोन जातींची कणसं फुलण्याआधी एकत्र बांधून ठेवायची आणि पुढच्या पिढीतल्या ढीगभर रोपांतून खरा संकर झालेली थोडी हुडकायची, अशी एक जुनी युक्ती आहे. हुडकणाऱ्याच्या डोळ्यांचं आणि कमरेचं काय होत असेल, ते आवटणी केलेल्या कुणालाही सांगायला नको. आफ्रिकेतल्या जाती जाड खोडाच्या, मोठ्या कणसाच्या; त्यांचा इथल्या जातींशी संकर होऊन इंडाफची मालिकाच निघाली. १९६४ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचं हे माझ्या मते सर्वांत मोठं काम. पुढे करप्याला तोंड देणारी जीपीयू-२८ आली, ती कर्नाटकात सर्वदूर पसरली, आणि तिच्याही वंशावळीत इंडाफ-५ आणि इंडाफ-९ आहेत.

अज्जींना यातलं काही ठाऊक नाही. लक्ष्मणय्यांचं नाव मी घेतलं तर त्यांनी नुसती मान हलवली. बियाणं कुठून आणलं? नणंदेच्या घरून, पायलीभर. नणंदेनं कुठून आणलं? ते कोण विचारतो! नाचणीचं हे असंच आहे. घरचंच बी राखून पुढल्या वर्षी पेरता येतं, शेजारणीला ओंजळभर देता येतं, आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही. माझ्या कचेरीत प्रत्येक गोष्टीला परवाना असतो आणि परवान्याला मुदत असते. इथे सरकारी पगारावरच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेली वस्तू नणंदेच्या पदरातून गावोगाव गेली, कुठल्याही वहीत नोंद न होता. विद्यापीठाचा समाजाला उपयोग काय, असं हल्ली आकड्यांत विचारतात. या ओंजळींचा आकडा कुठून आणायचा?

सगळंच गोड होतं असंही नाही. रागीच्या ओळींमधून अवरे लावायची इकडची रीत, म्हणजे आपला पावटाच. जुनी अवरे दिवस लहान झाल्यावरच फुलायची, म्हणून ती हिवाळ्यातच खायची. हेब्बाळच्या शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या जाती काढल्या, आणि दाणे बारा महिने मिळू लागले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला. पण अज्जी भर उन्हाळ्यातली शेंग नाकाशी नेतात आणि खाली ठेवतात. जुन्या शेंगेला वास होता, म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं आणि शास्त्रज्ञांचंही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. केओनिक्सनं १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांतल्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी उभारायला घेतली. म्हणजे एकीकडे रागीचं उत्पन्न वाढवणाऱ्या जाती येत होत्या, तर दुसरीकडे ती पेरायची जमीनच संपत होती. दोन्ही कामं सरकारचीच. अज्जींच्या घरी धान्य साठवायचं 'हगेवु', म्हणजे आपलं पेव, अंगणात होतं. आता तिथे पाण्याची टाकी आहे.

गेल्या नोव्हेंबरात विद्यापीठाच्या कृषी मेळ्याला मी गेले होते. पिवळ्या मार्गावरची मेट्रो सुरू झाली असली तरी शहराच्या दक्षिण टोकावरून उत्तर टोकाला, जीकेव्हीकेच्या आवारात पोचायला सकाळ जातेच. फेटेवाले, टोपीवाले, पोरंबाळं घेऊन आलेल्या बाया, नुसती जत्रा. बियाण्याच्या मांडवात रांग होती. माझ्यापुढचे गृहस्थ एमएल-३६५ मागत होते आणि ओलाव्याबद्दल असे काही प्रश्न विचारत होते की पलीकडची तरुण संशोधिका वही काढून लिहून घेऊ लागली. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं, किलोभर बी गुहागर तालुक्यात भावाला पाठवायचं आहे.

"तिथे पाऊस किती?" तिनं विचारलं.

तीन हजार मिलिमीटरच्या वर, मी म्हटलं.

ती हसली. आमची ही हजाराच्या आतली, म्हणाली, तुमच्या भावाला दापोलीच्या विद्यापीठात विचारायला सांगा. भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, आपल्या वरकशीत दापोलीचीच आहे की. आबा आणायचे." मग मी अज्जींसाठी पाव किलो घेतलं. गच्चीवरच्या दोन पिंपांत त्यांनी ते पेरलंय.