दोन खाटा

साकोली हे आमचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, भंडारा मागे टाकले की लागते. चहूकडे धानाची शेती आणि जुने तलाव. आमचे अब्बा इथल्याच एका राईस मिलमध्ये मुनीम होते. चाळीस वर्षे त्यांनी पोती मोजली. घरात आम्ही हिंदी-उर्दू मिसळलेली बोली बोलतो, शाळा मात्र सगळ्यांची मराठी. आम्ही तीन भावंडे. हे लिहिणे तिघांचे आहे, म्हणून यात 'मी' नाही. जी चूक झाली तीही तिघांचीच आहे.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्या लोकांना कोरोनाची लस मिळू लागली. सरकारी केंद्रावर ती मोफत होती. अम्मीचे वय तेव्हा ६६, साखरेचा आजार जुना. अब्बा ७१ चे, त्यांना रक्तदाब. अम्मी पहिल्याच आठवड्यात जाऊन कोव्हिशील्डचा पहिला डोस घेऊन आली. तिचा हिशेब सोपा होता. काही वर्षांपूर्वी ती हजला गेली, तेव्हा मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय जाताच येत नव्हते. "हजच्या वेळी सगळ्यांनी दंड पुढे केले. तेव्हा कोणाला शंका आली नाही, मग आताच का?" असे ती म्हणाली. एक रात्र ताप आला, दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती.

अब्बा गेले नाहीत. त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत लसीबद्दल काय काय बोलले जात होते, ते वाचकांना सांगायला नको. मूलबाळ होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, असे सगळे. पोलिओच्या थेंबांच्या वेळी जे ऐकले होते तेच पुन्हा नव्या कपड्यांत आले होते. आणि या अविश्वासाला कारणही होते. २०२० च्या वसंतात तबलिगी जमातीच्या निमित्ताने आजाराला आपले नाव चिकटवले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे म्हटले. पण तोवर मनाला बसायचा तो ओरखडा बसून गेला होता. त्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर आठवडाभरातच, १६ जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झाले. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने सरकारी दवाखान्याचे नाव काढताच मान फिरवली, तर त्याला दोष कसा द्यावा?

अब्बांचे कारण मात्र एवढे मोठे नव्हते. त्यांना घाई नव्हती, इतकेच. मार्च गेला. १४ एप्रिलला रमजान सुरू झाला. इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी जाहीरपणे सांगितले होते, आम्ही ते अब्बांना वाचूनही दाखवले. ते म्हणाले, "रोजा तुटणार नाही, पण ताप आला तर सोडावा लागेल. ईद होऊ दे बेटा, मग जाऊ." आम्ही 'बरं' म्हणालो. आमची चूक ती हीच. घरातल्या मोठ्यांपुढे जास्त बोलू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले, आणि नेमके तेव्हा आम्ही ते पाळले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आजार घरात आला. आधी धाकट्याला, मग सगळ्यांना. २४ एप्रिलला अब्बांच्या बोटाला लावलेल्या मशीनवर प्राणवायूचा आकडा ८६ आला, अम्मीचा ९१. त्या दिवसांत खाट मिळणे हीच मोठी गोष्ट होती. शंभरेक किलोमीटर दूर नागपुरात, एका खाजगी दवाखान्यात दोन खाटा मिळाल्या. दोघे एकाच दिवशी, एकाच मजल्यावर दाखल झाले. औषधे जवळपास तीच, डॉक्टर तेच.

अम्मीला चार दिवस साधा ऑक्सिजन लागला. पाचव्या दिवशी नाकातली नळी निघाली, नवव्या दिवशी ती घरी आली. अब्बांचे उलटे झाले. नळीवरून मास्क, मास्कवरून मोठे मशीन, मग व्हेंटिलेटर. त्या दोन रात्री आम्ही रेमडेसिवीरच्या शोधात नागपूरभर फिरलो, मागतील तेवढे पैसे द्यायला तयार होतो. मृत्यू टाळण्यात त्या औषधाचा फारसा उपयोग दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीतून २०२० सालीच पुढे आले होते. आम्हाला ते माहीत नव्हते. जे इंजेक्शन मार्चमध्ये गावातच फुकट मिळत होते ते आम्ही टाळले, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या इंजेक्शनसाठी वणवण केली. ही गोष्ट आजही घशाखाली उतरत नाही.

५ मे रोजी, बाविसाव्या रोजाला, अब्बा गेले. दफन नागपूरलाच झाले. जनाजाला आम्ही मोजकेच.

दिवस गेल्यावर नातेवाईक भेटू लागले तसा वाद सुरू झाला. मामू म्हणाले, "लसीने काय झाले? आपा पण दाखल झालीच ना. त्या दवाखान्यात टोचलेलेही पडले होते, मी डोळ्यांनी पाहिले." मामूंचे म्हणणे खोटे नव्हते. टोचलेली माणसे दवाखान्यात होतीच. आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. मग अब्बांची मिल आठवली.

धान भरडताना काही दाणा तुटतो, त्याला आमच्याकडे कनकी म्हणतात. अब्बा सांगत, नुसता कनकीचा ढीग पाहून धानाला नावे ठेवू नये. आधी विचारावे, मशीनमध्ये पोती किती गेली होती? शंभर पोत्यांची कनकी आणि वीस पोत्यांची कनकी सारखी दिसली, तरी दोन्ही धान सारखे नसतात.

दवाखान्यातल्या खाटांचेही तसेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याच दुसऱ्या लाटेत, २१ फेब्रुवारी ते १९ मे २०२१ या काळात, आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवला. दोन्ही डोस घेतलेले ७,०८० जण होते, एकही न घेतलेले १,६०९. दाखल किती झाले? पहिल्यातले ६४ आणि दुसऱ्यातलेही ६४. फक्त खाटा मोजणारा म्हणेल, लस घ्या की नका घेऊ, सारखेच. पण पोती मोजली की कळते, लस घेतलेल्यांत हजारी नऊ दाखल झाले, न घेतलेल्यांत हजारी चाळीस.

आणि खाटेवर पोचल्यानंतर काय झाले, ते त्याहून महत्त्वाचे. लस घेतलेल्या ६४ पैकी ऑक्सिजन लागला ४ जणांना, अतिदक्षता विभागात गेले २. न घेतलेल्या ६४ पैकी ऑक्सिजन ११ जणांना आणि अतिदक्षता विभाग ८ जणांना. म्हणजे दवाखान्याचा दरवाजा ओलांडल्यावरही लस रुग्णाच्या सोबत होती.

असे का व्हावे, तेही समजून घेण्यासारखे आहे. लस विषाणूला दारातच अडवील याची खात्री नसते. नाका-घशातला पहारा काही महिन्यांत सैलावतो, म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी-ताप येतो. पण शरीरातल्या काही पेशी त्या विषाणूची ओळख लक्षात ठेवतात आणि तो खाली फुप्फुसापर्यंत पोचण्याआधी कामाला लागतात. ज्याच्या शरीराला ही ओळख नाही, त्याचा प्रतिकार उशिरा जागा होतो, आणि मग कधी कधी इतका बेफाम होतो की त्या आगीत फुप्फुसेच होरपळतात. अब्बांच्या डॉक्टरांनी आम्हाला जवळपास असेच सांगितले होते. तेव्हा ते कानांवरून गेले.

अम्मीचा तर एकच डोस झाला होता. त्याचाही हिशेब आहे. तामिळनाडू पोलिसांतल्या १,१७,५२४ जणांची नोंद त्याच लाटेत तपासली गेली. लस न घेतलेल्या १७,०५९ मध्ये मृत्यू २०. एक डोस घेतलेल्या ३२,७९२ मध्ये ७. दोन्ही घेतलेल्या ६७,६७३ मध्ये ४. पूर्ण संरक्षण दोन डोसांचे, पण एकही वाया जात नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेल्लोरचे कर्मचारी आणि तामिळनाडूचे पोलीस हे बहुतेक कामावरचे, आमच्या अब्बांहून तरुण लोक. लस घेऊनही माणसे गेली आहेत. कोव्हिशील्डमुळे फार क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हेही खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घरातल्या दोन खाटांवरून तर काहीच सिद्ध होत नाही. अब्बा वयाने मोठे होते, पुरुष होते, या आजारात दोन्ही गोष्टी वाईटच. लस घेतली असती तर ते वाचलेच असते, असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. शक्यता मात्र बरीच जास्त होती. ती त्यांच्यापर्यंत पोचवणे आमच्या हातात होते.

अम्मीच्या दुसऱ्या डोसाची वेळ ऑगस्टमध्ये आली, कारण आजारातून बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे होते. तेव्हा ती इद्दतमध्ये होती. बायका कुजबुजल्या, अशात घराबाहेर कशी जाणार? अम्मीने मौलानांना विचारायला लावले. त्यांनी सांगितले, इलाजाच्या गरजेसाठी जाता येते. धाकट्याने तिला स्कूटीवर नेले आणि अर्ध्या तासात परत आणले. त्या दिवशी तिच्याबरोबर मोहल्ल्यातल्या आणखी चार बायका गेल्या. कोणी भाषण केले नव्हते. इद्दतमधली बाई जाते आहे, तर आपल्याला काय अडचण, एवढाच विचार त्यांनी केला असावा. मामू मात्र गेले नाहीत. ते गेले नोव्हेंबरमध्ये, आणि आम्हाला सांगितलेही नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत आम्हा तिघांना पुन्हा आजार झाला. तोवर आमचे दोन्ही डोस झाले होते. तीन दिवस ताप, आठवडाभर खोकला. कोणाला नागपूर गाठावे लागले नाही. तो विषाणूच थोडा सौम्य होता, हेही त्यात आले.

अम्मीने लसीचे प्रमाणपत्र हजच्या कागदांच्या पिशवीत ठेवले आहे. त्याच पिशवीत अब्बांच्या आधार कार्डाची एक झेरॉक्स आहे. ती आम्ही मार्च २०२१ मध्ये, लसीच्या नोंदणीसाठी काढली होती.