तळटिपांचा माग

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नवे संशोधक येतात आणि विचारतात, "या विषयावर काय काय मिळेल?" मी त्यांना उलट विचारते, "या विषयावरचं एक तरी चांगलं पुस्तक टिपांसकट वाचलंत का?" माझ्या लेखी शोध तिथून सुरू होतो.

पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगचंच घ्या. संगणकावर नुसतं 'प्लेग' टाकलं की नोंदींचा ढीग पडतो. त्यातलं मोलाचं कोणतं, हे नवख्याला कसं कळावं? त्यापेक्षा डेव्हिड अर्नोल्ड यांचं १९९३ चं 'कोलोनायझिंग द बॉडी' घ्यावं, प्लेगवरचं प्रकरण वाचावं आणि त्याच्या टिपा काढून बसावं. जाणत्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं चाळून निवडलेलं साहित्य तिथे आयतं हाती येतं. सरकारी अहवाल, इतरांचे लेख, त्या काळची वृत्तपत्रं. देशी वृत्तपत्रांचा इंग्रजी गोषवारा सरकारी अनुवादक दर आठवड्याला तयार करत. तो उपयोगी खरा, पण राज्यकर्त्यांसाठी केलेला. म्हणून तिथे न थांबता 'केसरी'चा मूळ अंक पाहावाच.

टिपा मागे नेतात, तसं पुढेही जाता येतं. जुन्या निवाड्याचा पुढे कुठे आधार घेतला गेला आणि तो कुठे फिरवला गेला, हे अमेरिकी वकील शेपर्डच्या सूचीत पाहत. तीच रीत विज्ञानासाठी वापरावी, असं युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवलं. १९६४ मध्ये त्यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघाला. आज गूगल स्कॉलरवर 'सायटेड बाय' दाबलं की अर्नोल्ड यांचा आधार नंतर कोणी घेतला, ते दिसतं. त्यांना कोणी खोडून काढलं, हे मात्र ते लेख वाचूनच कळतं.

मराठी पुस्तकांपर्यंत ही साधनं फारशी पोचत नाहीत. तिथे शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ ची ग्रंथसूची उघडावी. 'शोधगंगा' या संकेतस्थळावरच्या विद्यापीठीय प्रबंधांच्या संदर्भसूच्याही पाहाव्यात.

एका गोष्टीचा मात्र माझा आग्रह असतो. दुसऱ्याच्या टिपेतला संदर्भ स्वतः न पाहता आपला म्हणून उतरवू नये. एकाचा चुकलेला पृष्ठांक असाच पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो. मूळ पाहायला मिळालं नाही, तर कोणाच्या आधारे लिहिलं ते सरळ सांगावं. उद्या तुमच्या टिपेवर विसंबून कोणी एखादं दप्तर मागवील. त्याला त्यात तुम्ही म्हटलेला कागद सापडलाच पाहिजे.