तळखडा

राजा घाटाच्या पायऱ्या उतरणारा यात्रेकरू गंगेकडे पाहत असतो; पायांखालच्या दगडाकडे त्याचे लक्ष नसते. दगड मात्र स्वस्थ नसतो. माथ्यावरच्या भिंतीचे ओझे तो रात्रंदिवस घेतो आणि खालच्या थराच्या हवाली करतो.

हा घाट मराठी माणसांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमृतराव पेशव्यांनी तो दगडात बांधून काढला. अमृतराव घाट हे त्याचे जुने नाव. ज्या पुण्याहून ते आले, तेथल्या वाड्यांत ओझे उतरवण्याची एक देखणी रीत होती. तुळई थेट खांबावर टेकत नसे. मध्ये लाकडी हस्त असे. खांबही थेट मातीत उभा राहत नसे; त्याच्या पायाशी तळखडा असे. त्यांवरच्या नक्षीचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांचे मूळ काम मात्र एकच : एका जागी एकवटलेला भार पसरून देणे.

या पसरण्याला हिशेब आहे. ३० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी खांबावर १० टन ओझे असले, तर त्याच्या बुडाशी दर चौरस मीटरला सुमारे १११ टन दाब येतो. मऊ चिकणमातीला १० टनही जड होतात. खांबाखाली ६० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा रुंद ठोकळा घातला, की भार चारही बाजूंना सुमारे ४५ अंशांनी फाकतो. तळाशी त्याची बाजू १५० सेंटिमीटर होते, क्षेत्रफळ पंचवीसपट. आणि ठोकळ्याचे स्वतःचे वजन सोडले, तर मातीवर साडेचार टनांहूनही कमी दाब उरतो.

हे फाकणे निमूटपणे होत नाही. खांबाच्या लगत खाली काँक्रीट दाबले जाते. थोडे आणखी खाली तोच भार त्याला आडवा ताणतो. दाब सोसण्यात दगड आणि काँक्रीट समर्थ, ताणापुढे दोन्ही दुबळे. म्हणून काँक्रीटमध्ये त्या जागी आडव्या सळ्या घालतात, आणि दगडी कामात गवंडी सांधमोड करतो : वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या अंगावर आणतो. सांधे एका उभ्या रेषेत आले, तर भार पसरत नाही आणि भिंत त्या रेषेत चिरते. फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ याने १८५५ मध्ये या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले. भार कसा टेकवला, याचा परिणाम जवळपासच जाणवतो. पुरेसे दूर गेल्यावर केवळ एकूण भार उरतो.

एकूण भार उरतो, हेच यातले कठोर सत्य. पसरल्याने ओझे घटत नाही. ते अखेर मातीलाच पेलावे लागते. आणि काशीचा काठ गंगेच्या गाळाचा, चिकणमाती व वाळूच्या थरांचा. पावसाळ्यात नदी १० मीटरांहून अधिक चढते. चढते पाणी भिंतीला टेकू देते. खरा धोका ते ओसरताना असतो. नदी झपाट्याने उतरते, भिंतीमागच्या मातीत मुरलेले पाणी मागे राहते आणि भिंतीला पात्राकडे लोटते. उत्तरेकडे बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला भव्य घाट आपल्याच वजनाने खचला आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधावा लागला. त्याच्या शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेले आहे. पाया जितका रुंद, तितका त्याचा दाब जमिनीत खोल जातो. रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंत त्याची झळ पोचते. वरचा थर टणक असून भागत नाही.

रघुनाथरावांचे दत्तक पुत्र असलेल्या अमृतरावांना ओझ्याचा हा स्वभाव वेगळ्या रीतीने भेटला होता. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांनी पुण्याचा कारभार त्यांच्यावर सोपवला. कोसळू लागलेल्या राज्याचा भार अचानक एका माणसावर आला. आजूबाजूला तो वाटून घेणारे कोणी उरले नव्हते. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून, तनखा घेऊन ते बाजूला झाले आणि काशीला आले. १८२४ मध्ये ते निवर्तले. त्यापूर्वी, १८१८ मध्ये, पेशवाईही संपली होती.

घाटाचे काम मात्र संपलेले नाही. दरवर्षी पूर ओसरला, की पायऱ्यांवरचा गाळ उपसावा लागतो, सांधे पाहावे लागतात, निसटलेला चिरा पुन्हा बसवावा लागतो. तो एक चिरा हलला, तर त्याच्या वाट्याचे ओझे शेजारच्यांवर जाते.