सायकल कुठे लावायची?



आमच्या वस्तीतल्या एका ताईंची सायकल गेल्या पावसाळ्यात चोरीला गेली. ताई पुण्यातल्या एका सोसायटीत चार घरची धुणीभांडी करतात. तिथे कामवाल्यांच्या सायकली आत घ्यायच्या नाहीत, असा कमिटीचा नियम आहे. मालकांच्या मोटारी आत. पाहुण्यांच्या मोटारींसाठीही पांढरे पट्टे मारून जागा राखलेली. ताईंची सायकल कुंपणाबाहेर, झाडाला साखळीने बांधलेली. "ताई, बाहेरच लावा," असे ज्या वॉचमनने सांगितले, त्याची स्वतःची सायकलही बाहेरच असते!

मी ताईंसोबत चौकीत गेले. "जुन्या सायकलची कसली तक्रार?" एवढेच उत्तर मिळाले. सायकल फार तर दोन हजारांची असेल. पण ती गेल्यावर दोन बस बदलून यावे लागले, रोज उशीर झाला आणि सकाळचे पहिले घर सुटले.

काही साथी म्हणतील, इथे पोरांच्या शिष्यवृत्त्या थकल्यात, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही सायकल स्टँड काय घेऊन बसलात? मलाही आधी तसेच वाटले होते. पण संविधानाचे कलम 15(2) पुन्हा वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच ओळीत तिथे रस्तेही आहेत. 1927 साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले, ते फक्त तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न होता. या कलमामुळे स्टँड बांधणे बंधनकारक होते, असे माझे म्हणणे नाही. सोसायटीचे आवारही खासगी आहे, मान्य. पण बाहेरचा रस्ता तर सगळ्यांचा आहे ना? त्याच रस्त्यावर मोटारी रात्रभर फुकट उभ्या असतात. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी साधारण 45 घरांत सायकल होती, मोटार जेमतेम पाच घरांत. मग जागेची वाटणी उलटी कशी?

एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. खर्चही फार नाही. जमिनीत पक्का रोवलेला, उलट्या यू आकाराचा लोखंडी पाइप पुरतो, त्याला चाक आणि सांगाडा दोन्ही कुलूपबंद करता येतात. फक्त चाक अडकवायचे स्टँड मात्र नकोत. त्यात सकाळी चाक उरते, बाकी सायकल गायब.

पुणे महापालिकेने 2017 साली शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगला आहे. पण कामाला जाणाऱ्या बाईला ट्रॅक मिळाला आणि पोहोचल्यावर सायकल लावायला जागाच नसली, तर ती उद्या सायकल काढेल का? सायकलचा विषय आपण रविवारच्या हौशी सायकलस्वारांवर सोडून दिला, ही आपलीही चूक.

पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात. या वेळी आम्ही सायकल स्टँड सुचवायचे ठरवले. नकाशा पुढे ठेवला तेव्हा मी मैदानाच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. ताईंनी लगेच हटकले, "तिथे नको, मॅडम. चहाच्या टपरीसमोर हवा. तिथे पहाटे पाचपासून माणूस असतो."