प्राजक्ताचे देठ
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आमचं घर कुरुळीचं. चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांना भाड्याने खोल्या लागतात, म्हणून गावात बऱ्याच अंगणांत खोल्या उठल्या. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आमच्याकडेही काम निघालं. त्या जागेवर आजीचा प्राजक्त होता. बाबा एवढंच म्हणाले, "तुझी फी कुठून भरायची?" मी काय बोलणार?

झाड पाडायच्या दिवशी पहाटे आजीने वेचलेली फुलं मी डब्यात भरून हॉस्टेलवर आणली. डोक्यात कल्पना एकदम भारी! अंबरमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कीटक टिकतात, मग रेझिनमध्ये प्राजक्त का टिकणार नाही? भंगारातून पॅलेटची एक फळी आणली, तिला खाच पाडली.

मित्रांनो, आता इंजिनिअरची घाई ऐका. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की क्रिया सुरू होते आणि उष्णता बाहेर पडते. थर जितका जाड, तितकी ती आत कोंडते. हे माहीत असूनही मी खाच एका दमात भरली! फळीला हात लावला तर चटका बसला. ओल्या फुलांतलं पाणी, लाकडाच्या छिद्रांतली हवा, सगळ्याचे बुडबुडे. दुसऱ्या दिवशी पाकळ्या चहाच्या चोथ्यासारख्या! रूम पार्टनर म्हणाला, "झुरळं आहेत का रे?"

एरवी मीही हसलो असतो. पण आता झाड नव्हतं.

मग जे आधी शिकायचं ते नंतर शिकलो. फूल पूर्ण वाळलेलं हवं. सिलिका जेलमध्ये पुरून ठेवलं तर आकारही राहतो. लाकडाला आधी रेझिनचा पातळ हात द्यायचा, म्हणजे छिद्रं बुजतात. माप डब्यावर लिहिलेलं तेच, अंदाजपंचे नाही. थर पातळ ओतायचे. हातात मोजे, खिडकी उघडी. सगळं कळलं, पण फुलं कुठून आणणार?

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीला सगळं सांगून टाकलं. तिने फडताळातून एक पुडी काढली. आत वाळवलेले केशरी देठ! पूर्वी त्यांच्या रंगात कापड रंगवायचे. "पाकळ्या कशाला ठेवतोस? त्या दुपारपतूर बी राहत न्हाईत. आमी देठच ठेवायचो."

दुसरी फळी चांगली जमली. देठ जरा फिके, पण केशरीच. आजीने ती उजेडात फिरवली, नाकाशी नेली. "वास न्हाई," म्हणाली, आणि देव्हाऱ्यात ठेवली. उन्हात ठेवू नकोस, रेझिन पिवळं पडतं, एवढं मी सांगितलं.

फसलेली फळी माझ्या टेबलावर आहे. पार्टनर रोज फेकायला सांगतो. पण त्या शेवटच्या पहाटेची फुलं त्यातच आहेत, काळी का होईनात.